ब्रह्मगिरीची फेरी साठीच्या आईला झेपेल का? अनवाणीच करावी लागते का?

झेपेल. रोज चालायची सवय असेल तर नक्कीच. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची लहान फेरी 20 किलोमीटरच्या आसपास आहे, मोठी त्याच्या दुप्पट, हरिहर गडालाही वळसा घालून येणारी, तिचं नाव पहिल्या वेळेला काढूच नका. पण तुमचं ते 'अनवाणीच' वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आम्ही गेलो तेव्हा आई 63 ची होती. सोबत मामा, तिचा धाकटा भाऊ, त्याच्या तोवर दहा-अकरा फेऱ्या झालेल्या. तिसरा श्रावणी सोमवार, म्हणजे सगळा महाराष्ट्र त्र्यंबकला. रविवारी रात्रीच पोचलो, कुशावर्त कुंडावर स्नान केलं आणि मामा म्हणाला, "ताई, चपला पिशवीत टाक, फेरी म्हणजे फेरी." आई त्याला कशालाच नाही म्हणत नाही, टाकल्या. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, तिथपर्यंत ठीक होतं, ओला डांबरी रस्ता, गर्दीचा रेटाच इतका की आपण चालतोय असं वाटतच नाही. पहिने गावाच्या पुढे डांबर उखडलेलं, नुसती खडी वर आलेली, अंधार, पाऊस, मागून पोरं "बम बम भोले" करत धावत येतायत. आई काही बोलली नाही. मलाच बॅटरीच्या उजेडात दिसलं की ती पाय तिरका टाकतेय. टाच चांगली दोन बोटं फाटली होती.

उजाडता उजाडता एका पाड्यावरच्या घराच्या ओट्यावर तिला बसवलं. घरातल्या बाईंनी न विचारता कोमट पाणी आणलं, पाय धुतला, हळद भरून चिंधी बांधली. मी माझे सँडल आईच्या पायात घातले. तर मामा काय म्हणाला? "बसलीस, वर पायात पण घातलंस, आता फेरी मोडली ताई." आणि गेला ग्रुपबरोबर पुढे. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हा विषय निघतो, की ताईची फेरी मोडली होती. आई हसते. पण माझी फेरी झाली असं ती स्वतः आजवर एकदाही बोललेली नाही, आणि ते मला फार लागतं.

कारण ती झाली होती. आम्ही दोघी हळूहळू निघालो, धुकं वर गेलं आणि ब्रह्मगिरीची मागची बाजू उघडली, काळा सरळ कडा, त्यावरून पाण्याच्या धारा, खाली भाताची आवणी झालेली खाचरं. आई थांबली आणि हात जोडून म्हणाली, "अगं एवढा मोठाय हा? गावातून कळतच नाही." मामाने अकरा फेऱ्या केल्या, सगळ्या रात्रीच्या, त्याने हा कडा धड पाहिलेला नाही. सापगाववरून त्र्यंबकला यायला आम्हाला दुपारचे दोन वाजले, तरी तशीच निवृत्तीनाथांच्या समाधीला जाऊन आली ती.

आणि निवृत्तीनाथांचंच घ्या ना. विठ्ठलपंत बायकामुलांना घेऊन हीच प्रदक्षिणा करत होते, वाघ आला, पळापळ झाली, निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला, तिथे त्याला नाथपंथातले गहिनीनाथ भेटले, अशी कथा लहानपणापासून ऐकलीय आपण, मामानेच सांगितलीय मला. निवृत्तींनी पुढे ज्ञानदेवांना उपदेश केला. म्हणजे त्या दिवशी वाट सोडलेल्या पोरामुळे वारकऱ्यांना नाथांची परंपरा मिळाली, त्याची फेरी मोडली असं कोणी म्हणतं का? मग माझी आई अर्धा तास ओट्यावर बसली तर कशी मोडते?

तर तुमच्यासाठी, तिसरा सोमवार सोडा, श्रावणातला दुसरा कुठलाही साधा वार धरा. उजाडल्यावर निघा, पायात चांगली पकड असलेलं काहीतरी घाला. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, एवढं लक्षात ठेवलं की फारसं चुकायला होत नाही. शनिवार-रविवार नको, पहिन्याला धबधब्यासाठी येणाऱ्या गाड्यांची रांग असते. मात्र साध्या वारी वाटेत फुकट चहा-खिचडी देणारे मांडव नसतात, पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू बरोबर घ्या, आणि रात्रभर जोराचा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी निघूच नका, ओढे भरतात. आईला शुगर असेल तर अनवाणी अजिबात नाही, कोणी काहीही म्हणो.

आणि तिला स्वतःहूनच अनवाणी चालायचं असेल तर अडवू नका. फक्त तिच्या चपलांची पिशवी तुमच्या खांद्यावर असू द्या आणि तिच्या मागून चाला, पुढून नको.