चेंबरचा बोल्ट नव्हे, वायसर बदला

चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. जुनं ऑइल काढायला त्याच्या तळाचा बोल्ट उघडतात, आणि त्या बोल्टखालची चकती म्हणजे वायसर. या बोल्टबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. म्हणून काही एकत्र घेतो.

दर ऑइल बदलीला बोल्ट नवा टाकावा का? (आर्वी)

नाही. आटे आणि डोकं शाबूत असेल तर तोच बोल्ट वर्षानुवर्षं चालतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत वायसर बोल्टलाच जोडलेला असतो, तिथे मात्र अख्खा बोल्ट बदलतात. तुमची गाडी त्यातली आहे का, हे पार्टच्या दुकानात विचारून घ्या.

गॅरेजवाला दरवेळी बिलात बोल्ट लावतो. (हिंगणघाट)

जुना बोल्ट हातात मागा. देत नसेल तर गॅरेज बदला.

वायसर उलटा करून बसवला की चालतो, असं मिस्त्री म्हणतो. (मोर्शी)

चालत नाही. वायसर दबून बोल्ट आणि चेंबर यांच्यातली फट भरतो. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, मग ते पुन्हा नीट बसत नाही. तांब्याचा वायसर लाल तापवून मऊ करायची जुनी रीत खरी आहे, पण आता तेवढा खटाटोप कोण करतो? नुसता उलटवतात आणि गळू नये म्हणून बोल्ट जास्त आवळतात. पुढचं सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं. नवा टाका.

बोल्ट नुसता फिरतो, आवळतच नाही. मिस्त्रीने टेफ्लॉन टेप गुंडाळून वरून एम-सील लावलं. कापूस विकला जाईपर्यंत गाडी चालेल का? (दारव्हा)

नाही, भाऊ. हे थांबण्यासारखं काम नाही.

तुमचे चेंबरचे आटे गेले आहेत. आजकाल बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. जोर जास्त झाला की मऊ धातूचे आटे आधी सोलतात. बोल्ट काढून बघा, खाचांत चंदेरी तारेसारखा कीस अडकलेला दिसेल. तो चेंबरचा आहे.

बोल्ट किती आवळायचा याचं माप म्हणजे टॉर्क, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. बऱ्याच छोट्या गाड्यांना साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटर पुरतं. 25 सेंटिमीटरच्या पान्यावर हे जेमतेम 12 ते 16 किलोचा जोर झाला. त्याच पान्यात पाऊण मीटरचा पाइप घालून तेवढाच जोर लावला, तर बोल्टवर तिप्पट ताण येतो. हवेच्या गनने आवळणं तर त्याहून वाईट, हाताला काही कळतच नाही. बोल्ट आधी बोटांनी फिरवत न्यावा, शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला टॉर्क झाला की कळवणाऱ्या पान्याने, आवळावा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

टेपने आटे परत येत नाहीत. तिचा तुकडा आत गेला तर पंपाच्या जाळीत अडकू शकतो. पांदणीत एखादा दगड चेंबरला लागला की एम-सीलही निघेल, आणि सगळं ऑइल मातीत जाईल. आज चांगल्या मेकॅनिकला दाखवा. टॅप मारून, म्हणजे भोकात नवे आटे पाडून, त्यात आट्यांची स्प्रिंग बसवता येते, पण त्यासाठी चेंबर खाली उतरवून धुतलं पाहिजे, नाहीतर कीस आतच राहतो. भोकाजवळ तडा असेल तर चेंबरच बदलावं लागेल. मोठ्या मापाचा, स्वतः आटे पाडणारा बोल्ट दुकानदार पुढे करेल. तो तात्पुरता उपाय आहे.

चुंबकाचा बोल्ट टाकला की इंजिनचं आयुष्य दुप्पट होतं, खरं का? (वणी)

दुकानदाराचा दावा आहे. चुंबक फक्त लोखंड धरतो. गाळायचं मुख्य काम फिल्टरचं. बसवलात तर त्यावरचा बारीक करडा लेप सहसा साधाच असतो. चकत्या किंवा तुकडे दिसले तर मेकॅनिककडे जा.

ऑइल बदलून निघालो आणि वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. घर चारच किलोमीटर होतं, म्हणून तसाच आलो. (पांढरकवडा)

आता इंजिन सुरू करू नका. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा, गाडीखाली बोल्टपाशी आणि फिल्टरपाशी ऑइल आहे का तेही बघा. पातळी बरोबर दिसली तरी मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या, आणि दिवा लागल्यावर किती अंतर चाललात ते त्याला खरं सांगा.