पॉवर पॅकवर खोका घालण्याआधी

दहिसरला सोसायटीच्या तळमजल्यावर २० टनी हायड्रॉलिक प्रेस, आणि तिला दाबाखाली तेल पुरवणारा पॉवर पॅक (टाकी, मोटर, पंप): ३ एचपी १४४० आरपीएमची मोटर, मिनिटाला ८ लिटरचा गिअर पंप. वरच्या मजल्यावरून तक्रार येते, तर प्लायचा खोका करून आत फोम लावू का, असं तुम्ही विचारलंय. खोका करा, पण सगळ्यात शेवटी. वर पोचतेय ती बहुतेक लादी आणि भिंतीतून चढणारी थरथर, आणि ती खोक्याने अडत नाही.

आधी तेल बघा. पॅक चालू असताना टाकीतलं थोडं तेल काचेच्या ग्लासात घेऊन स्थिर ठेवा. तेल दुधाळ दिसलं आणि तो दुधाळपणा खालून वर निवळत गेला तर तेलात हवा आहे. तासाभरानेही तसाच राहिला तर पाणी समजा. पावसाळ्यात ब्रीदरमधून (टाकीला हवा घेऊ देणारं झाकण) दमट हवा आत जाते, तेव्हा हे आपल्याकडे सहज होतं. हवा असेल तर सक्शनच्या (टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाइपच्या) एकेका जोडाला ग्रीस फासा (मोटर आणि पंप जोडणाऱ्या चालू कपलिंगपासून हात लांब). ज्या जोडावर आवाज एकदम बदलेल, तिथूनच हवा ओढली जातेय. तेल बाहेर येत नसल्याने जोड कोरडा दिसतो, म्हणून तो हमखास नजरेतून सुटतो. तेल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड तेलाच्या पातळीखाली आहे ना, तेही पाहा.

तेल स्वच्छ, तरी खडे दळल्यासारखा आवाज? मग पंपाला तेल पुरत नाही. स्ट्रेनर (सक्शनच्या तोंडाची जाळी) काढून धुवा, आणि सक्शन पाइपचा आतला व्यास मोजा. तिथे तेलाचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत हवा. तुमच्या ८ लिटरला तीन-अष्टमांश इंचात तो १.९ होतो, अर्ध्या इंचात जेमतेम १, पाऊण इंचात निम्म्याहून कमी. पाऊण इंचीच टाका. इथे कंजुषी केली तर पंप लवकर जातो.

आता थरथर. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेरे. ही थरथर अडवायला पॅकखालचे रबर माउंट (रबरी पाय) इतके मऊ हवेत की तेलासकट पॅकच्या वजनाने साधारण ४ मिमी दबतील. पॅक ८० किलोचा असेल तर चार माउंटपैकी प्रत्येकी २० किलोला ४ मिमी. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात विचारताना हाच आकडा सांगा. नुसती रबरशीट अंथरली तर ती जेमतेम दबते, उपयोग होत नाही. मात्र माउंट घालूनही पंपापासून प्रेसपर्यंत लोखंडी पाइप ठेवलात तर थरथर त्याच वाटेने जाईल. मध्ये सैल वळणाचा होज (लवचीक पाइप) द्या, क्लॅम्पखाली रबर घाला, आणि भिंतीला काहीही पक्कं करू नका. कपलिंगचा रबर स्पायडर (मधला रबरी तुकडा) झिजला असेल तर बदला.

काम नसताना रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाबाचं तेल टाकीत सोडणारा) शिट्टी मारत असेल, तर पंप विनाकारण पूर्ण दाबावर चालतोय. न्यूट्रलला, म्हणजे प्रेस थांबलेली असताना, तेल सरळ टाकीत सोडणारा टँडेम सेंटर व्हॉल्व्ह बसवा. तेलही कमी तापेल.

एवढं करून उरेल त्यासाठी खोका: १९ मिमी प्लाय, आत ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), त्यावर ग्लासक्लॉथ (काचतंतूंचं कापड). फोम नको, तेल पिऊन तो पेट घेतो. फटी बुजवा, एकूण पृष्ठभागाच्या १ टक्का जरी उघडा राहिला तरी २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही. हवेसाठी आतून रॉकवूल लावलेली, वळणाची वाट आणि पंखा द्या, तेल ६० अंशांवर जाऊ देऊ नका. खोका पॅकला टेकता कामा नये.

निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. मोजमाप वरच्यांच्या खिडकीशी, त्यांच्यासमोरच घ्या.