वापरलेल्या ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हरची योग्य किंमत कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की पितळी फ्रेमची .४४ ची (हे नळीचं माप, इंचात) '१८५१ नेव्ही', म्हणजे अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या जुन्या काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरच्या नावाने विकली जाणारी आजची नक्कल, मिळतेय, विकणारा म्हणतो फार वापरलेली नाही, सोबत बंदुकीची दारू ठेवायचा फ्लास्क आणि मूळ खोका देतोय आणि नव्या किमतीच्या ऐंशी टक्के मागतोय, तर घ्यावी का. माझं मत विचाराल तर त्या भावाला नका घेऊ. निम्म्याच्या आसपास उतरला तर विचार करा, आणि तेसुद्धा उघडून बघितल्यावरच.

पण हात लावायच्या आधी एक गोष्ट, ती रिकामी आहे हे स्वतः तपासा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नसतं, दारू आणि शिशाची गोळी पुढून ठासलेली असते, त्यामुळे बार भरलेला असला तरी मागून बघून कळत नाही, आणि वर्षानुवर्षं कपाटात भरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या खरंच सापडतात. निपलवर (चेंबरच्या मागच्या छोट्या नळ्या) कॅप, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, नाहीत हे बघा, मग पुढून एकेका चेंबरमध्ये लाकडी काडी तळाला टेकेपर्यंत घाला, नखाने खूण धरा आणि तीच काडी सिलिंडरच्या बाहेरून लावून बघा. काडी जवळजवळ निपलच्या बुडापर्यंत पोचली पाहिजे. सहाच्या सहा चेंबर असे बघा, एक सोडून नाही.

आता उघडायचं. कोल्ट पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या वरून पट्टी नसते, अख्खी नळी एका आडव्या पाचरीवर अडकलेली असते. घोडा अर्धा चढवायचा, पाचर लाकडाने हलकेच ठोकून सरकवायची, नळी आणि सिलिंडर पुढे काढून घ्यायचे. मग सिलिंडरच्या मागे फ्रेमची जी उभी भिंत असते ती तिरक्या उजेडात धरा. प्रत्येक बाराला सिलिंडर मागे आपटतो आणि पितळ मऊ असतं, त्यामुळे कुणी दारू दाबून भरून उडवली असेल तर सिलिंडरच्या मागच्या दातऱ्यांचा गोल ठसा त्या भिंतीत उमटतो. मी पहिल्यांदा पितळी रिव्हॉल्व्हर घेतली तेव्हा बाहेरून ती लखलखीत होती, मुठीच्या लाकडावर ओरखडा नाही, मी पैसे देऊन मोकळा झालो आणि घरी येऊन पाचर काढली तर भिंतीत ठसा इतका खोल की नखाचं टोक अडकत होतं, शिवाय सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो तो दांडाही फ्रेममध्ये हलत होता. हे दुरुस्त करायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात चांगली वापरलेली पोलादी रिव्हॉल्व्हर येते. ठसा खोल आणि दांडा हलता असेल तर ती फक्त सुट्या भागांच्या भावाला घ्यायची.

पितळ म्हणजे वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे पोलादाची टंचाई होती तेव्हा जॉर्जियात ग्रिसवोल्ड अँड गनिसनने पितळी फ्रेमच्या सुमारे ३,६०० रिव्हॉल्व्हर केल्या, पण त्या .३६ च्या होत्या. कोल्टची मूळ १८५१ नेव्हीसुद्धा .३६ चीच, .४४ ची नेव्ही कोल्टने कधी काढलीच नाही. म्हणजे तुमच्यासमोर आलेली चीज ही कुठल्याही खऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरची हुबेहूब प्रतिकृती नाही, आणि 'जुनी, दुर्मिळ' म्हणून कुणी भाव चढवत असेल तर त्याला काही अर्थ नाही. हलका बार भरून निशाणेबाजी करायला ती ठीक आहे.

वय बघायचं असेल तर नळीवरचे किंवा फ्रेमवरचे बारीक शिक्के भिंगाने बघा. उबर्टी, पिएट्टा वगैरे कंपन्यांच्या बहुतेक प्रतिकृती इटलीच्या ब्रेशिया भागातल्या, तिथे चाचणीच्या शिक्क्यांसोबत छोट्या चौकटीत वर्षाचा कोड मारतात. एए म्हणजे १९७५ आणि सीए म्हणजे २००६. पीएन असा शिक्का दिसला तर तो काळ्या दारूच्या चाचणीचा. वर्ष कळलं की 'आजोबांच्या काळातली' वगैरे गोष्टी आपोआप गळून पडतात.

यंत्रणेचं म्हणाल तर घोडा अगदी सावकाश चढवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवून धरा. घोडा पूर्ण चढल्यावर खालची खिट्टी खाचेत टक्क बसली पाहिजे, सहाही चेंबरला. एखाद्या चेंबरला बसत नसेल तर टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडरचा मेळ, गेलंय. मग चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने दाबा, चाप न ओढता तो खाली आला तर ती रिव्हॉल्व्हर दुरुस्त होईपर्यंत वापरायचीच नाही, भाव त्या हिशोबाने धरा. हे करताना घोडा धाडकन सोडू नका, निपल चेपतात. चेपलेली निपल दिसली तर घाबरण्यासारखं काही नाही, नवा सेट स्वस्तात मिळतो, स्प्रिंग आणि पाचरही मिळते, तेवढे पैसे कापून घ्या. नळी आणि चेंबर मात्र टॉर्च लावून नीट बघा. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल धरते, उडवल्यावर त्याच दिवशी धुतली नाही तर गंज चढतो, आणि चेंबरच्या तळाशी गंजाचे खड्डे पडले असतील तर ते घासून जात नाहीत.

आता पैशांचं. विकणारे मागतात ते आकडे बघू नका, प्रत्यक्षात सौदा ज्या भावाला झाला ते बघा, लिलावाच्या साइटवर झालेल्या विक्रीचे आकडे शोधता येतात. आणि तुलना छापील किमतीशी नाही, सेलमध्ये नवी ज्या भावात मिळते त्याच्याशी करा. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रतिकृती अँटीक धरल्या जातात, त्यामुळे बऱ्याच राज्यांत नवी रिव्हॉल्व्हर टपालाने थेट घरी येते (राज्यांचे नियम वेगळे असतात, तुमच्याकडचा आधी बघून घ्या). नवी इतकी सहज मिळत असताना वापरलेलीला ऐंशी टक्के का द्यायचे? माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे, पोलादी फ्रेम, स्वच्छ नळी, घट्ट टायमिंग असेल तर साठ ते सत्तर टक्के, पितळी असेल तर चांगल्यातली चांगली निम्म्याला. खोक्याचे मी काही देत नाही, फ्लास्कचे नव्याच्या निम्मे देतो.

याला अपवाद आहेत. रूगर ओल्ड आर्मी ही काळ्या दारूची रिव्हॉल्व्हर १९७२ ते २००८ एवढीच बनली, दणकट आहे आणि आता बनत नाही म्हणून तिचे भाव चढेच असतात. कोल्टने १९७० च्या दशकात स्वतःच्या नावाने पुन्हा काढलेल्या, खोक्यासकट आणि न उडवलेल्या असतील तर त्या संग्राहकांच्या, तिथे खोक्यालाही किंमत असते. आणि खरोखरची एकोणिसाव्या शतकातली कुणी दाखवली तर माझा हिशोब तिथे लावू नका, तिथे फ्रेम, नळी, सिलिंडर, चापाचं कडं यांच्यावरचे नंबर जुळतात का, कुणी पॉलिश करून जुना रंग घालवलाय का यावर भाव ठरतो, आणि इटालियन शिक्के घासून जुनी म्हणून खपवलेल्याही असतात, म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

तुमच्या विकणाऱ्याकडून आधी तीन फोटो मागवा, पाचर काढून त्या भिंतीचा, सिलिंडरच्या खाचांचा आणि टॉर्च लावून नळीच्या आतला. भिंत सपाट दिसली तर निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा आणि फार तर पाच टक्के वर जा. पाचर निघतच नाही असं तो म्हणाला तर ती आत गंजून बसलीय असं धरा आणि दुसरी शोधा, या बाजारात पुढच्या महिन्यात अशीच आणखी एक येते.