बीसीची निवडणूक, बावीस मतं आणि तुमचं येणं: मिरजेच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मिरजेत आयसीयूत नर्स, मिस्टर सिव्हिल इंजिनियर, मुलगी सहा वर्षांची. मावसबहीण व्हँकूवरजवळच्या सरे शहरात राहते म्हणून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, म्हणजे बीसीत यायचं मनात आहे. आणि तुम्ही विचारलंय ते असं: बीसीतलं सरकार निवडणुकीत काठावर वाचलं, त्याच आठवड्यात पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या, जागा कमी झाल्या, मग तिथलं वारं आपल्यासारख्यांच्या विरोधात फिरलंय का? आणि त्यापेक्षा ओंटारियो प्रांत बरा पडेल का?

आधी एक गुंता सोडवतो. या दोन बातम्या दोन वेगळ्या सरकारांच्या आहेत. बीसीची निवडणूक झाली १९ ऑक्टोबर २०२४ ला. पीआरच्या जागा कमी केल्या २४ ऑक्टोबरला, आणि त्या केल्या ओटावातल्या केंद्र सरकारनं. २०२५ साठी पाच लाखांचं लक्ष्य होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. पाच दिवसांच्या अंतरानं दोन्ही बातम्या आल्या म्हणून तिकडे त्या एकच वाटल्या. व्हिसा, पीआर, नागरिकत्व हे ओटावाच्या हातात. पण विमानातून उतरल्यावर तुमचं रोजचं जगणं ज्यांच्या हातात असतं ते सरकार बीसीच्या राजधानीत, व्हिक्टोरियात बसतं. दवाखाना, मुलीची शाळा, घरभाडं, किमान वेतन, गाडीचा विमा, मिस्टरांचं इंजिनियरचं लायसन्स, सगळं प्रांताचं. इकडे यायची तयारी करणारे सगळे ओटावाकडे डोळे लावून बसतात आणि प्रांताकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं, आणि त्याची किंमत मोजली, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

मी २०१७ मध्ये आलो. सांगलीला अकरा वर्षं पुलांची आणि रस्त्यांची कामं केलेली. पीआर हातात होतं, मला वाटलं आता काय अडणार! ज्या ज्या ऑफिसात गेलो तिथे एकच प्रश्न: इथला अनुभव आहे का? इथला अनुभव नाही म्हणून लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही म्हणून अनुभव मिळेल असं काम नाही. चौदा महिने एका गोदामात रात्रपाळी केली. पहाटे साडेपाचला बसस्टॉपवर उभा असायचो तेव्हा हाताला पुठ्ठ्याचा वास यायचा, दोनदा धुतले तरी जायचा नाही. बायकोला कधी बोललो नाही, पण त्या वासानं मला रडू यायचं.

ही अट ओटावाची नव्हती, प्रांताच्या नियमांतली होती. आणि ती काढली तीही प्रांताच्याच विधानसभेनं. २०२३ च्या शेवटी बीसीत परदेशी पदव्यांना मान्यता देण्याबाबतचा कायदा झाला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाला. एकूण २९ व्यवसाय त्यात आहेत, इंजिनियर त्यातच येतात. आता लायसन्स देणाऱ्या संस्थेला विनाकारण ‘कॅनडातलाच अनुभव आणा’ म्हणता येत नाही. मिस्टरांना हे जरूर सांगा. लायसन्स म्हणून लगेच मिळतं असं नाही, चार वर्षांचा अनुभव कागदावर नीट सिद्ध करावा लागतोच. तेव्हा जुन्या साहेबांकडून कामाची सविस्तर पत्रं आत्ताच घ्या. माणसं बदली होऊन गेली की पत्रं मिळत नाहीत.

ताई, तुमचं नर्सिंग मात्र त्या २९ मध्ये नाही. आरोग्यातल्या व्यवसायांचा कायदा वेगळा आहे. तुम्हाला बीसीच्या नर्सिंग कॉलेजकडे नोंदणी करावी लागेल (कॉलेज म्हणजे शिकवणारं नव्हे, नियमन करणारी संस्था), इंग्रजीचा पुरावा द्यावा लागेल आणि एनक्लेक्स ही नर्सिंगच्या नोंदणीची परीक्षा पास व्हावी लागेल. कागदपत्रांची तपासणी तिकडे बसूनच सुरू करता येते. इथे पोचून मग बघू असं करू नका. नर्सेसची इथे फार गरज आहे. साध्या वॉर्डात एका नर्समागे चार पेशंट या प्रमाणाकडे जायचं धोरण इथल्या सरकारनं जाहीर केलंय. तुम्ही रात्री किती पेशंट सांभाळता ते मला माहीत आहे, माझी वहिनी त्याच कामात आहे.

आता निवडणुकीकडे येतो, कारण वरचं सगळं तिच्यावर टांगलेलं होतं.

एनडीपी हा डावीकडे झुकलेला पक्ष २०१७ पासून सत्तेत होता. डेव्हिड इबी प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री. समोर वर्षानुवर्षं बीसी लिबरल हा पक्ष असायचा. त्यांनी २०२३ मध्ये नाव बदलून बीसी युनायटेड केलं आणि लोकांनी त्यांना ओळखणंच सोडलं. २८ ऑगस्टला, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना, त्यांचे नेते केव्हिन फाल्कन यांनी प्रचारच थांबवला. ज्या जॉन रस्टॅडना फाल्कननी २०२२ मध्ये पक्षातून काढलं होतं, तेच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते होऊन समोर उभे होते. २०२० ला त्या पक्षाला दोन टक्केसुद्धा मतं नव्हती. या वेळी ४३ टक्के मिळाली. हे तुमच्या आमच्या विरोधातलं वारं होतं का? मला तसं दिसलं नाही. लोक चिडले होते ते फॅमिली डॉक्टर मिळत नाही म्हणून, छोट्या गावांत इमर्जन्सी रात्री बंद असते म्हणून, घरं परवडत नाहीत म्हणून, आणि अमली पदार्थांनी रस्त्यात माणसं मरताहेत म्हणून. सरे नॉर्थमध्ये त्या वेळच्या शिक्षणमंत्री रचना सिंग हरल्या, आणि जिंकलेले कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारही पंजाबीच, मनदीप धालीवाल. दोन्ही बाजूंना आपलेच लोक होते.

माझी ती पहिली प्रांतिक निवडणूक. त्या दिवशी पावसानं कहर केला. इथे त्याला ‘अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर’ म्हणतात, आकाशातून नदीच वाहते. मतदान शेजारच्या शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या रेघांवर पुठ्ठ्याचे आडोसे मांडलेले, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. टेबलावरच्या आजींनी माझं नाव यादीत शोधलं, उच्चारायचा प्रयत्न केला, आणि नीट म्हणता येईना तेव्हा मला विचारून परत म्हटलं. कागदावर खूण केली आणि कागद यंत्रात सरकवला. बोटाला शाई लावत नाहीत. बाहेर आल्यावर मी तरी बोटाकडे बघितलं.

मी राहतो तो मतदारसंघ सरे-गिल्डफर्ड. त्या रात्री टीव्हीवर एनडीपी ४६, कॉन्झर्व्हेटिव्ह ४५ आणि ग्रीन पक्ष २. एकूण जागा ९३, बहुमताला ४७. माझ्या मतदारसंघात कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार १०३ मतांनी पुढे. पण टपालानं आणि दुसऱ्या मतदारसंघातून टाकलेली मतं मोजायची राहिली होती. नऊ दिवस सरकार कुणाचं ते कुणालाच माहीत नव्हतं. गोदामातले जुने मित्र, भाजीवाल्या बाई, मुलाची टीचर, सगळे आमच्या गिल्डफर्डबद्दल बोलत होते. २८ ऑक्टोबरला मोजणी संपली आणि एनडीपीचे गॅरी बेग पुढे गेले. फरक पाचशेव्या हिश्श्याहून कमी, म्हणून न्यायाधीशांसमोर पुन्हा मोजणी. शेवटचा आकडा: बावीस. बावीस मतांनी एनडीपीला ४७ वी जागा आणि बहुमत मिळालं. कॉन्झर्व्हेटिव्ह ४४ वर राहिले.

माझ्या मजल्यावर आठ घरं आहेत. त्या सगळ्या घरांतली मोठी माणसं मोजली तर बावीसच्या आसपासच भरतील. लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा अजून मनात येतं.

महिन्यानं, २० नोव्हेंबरला, आपल्याकडे विधानसभेचं मतदान झालं आणि भावानं शाई लागलेल्या बोटाचा फोटो पाठवला. ताई, हे आधीच सांगून ठेवतो: तो फोटो बघून मला आनंद झाला आणि पोटात तुटलंही, कारण इथे मत द्यायचं तर इथलं नागरिक व्हावं लागतं, आणि इथलं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. पीआरवाल्याला मत नाही. पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिल्यावर अर्ज करता येतो. पासपोर्ट परत करायचा दिवस जड जातो. कुणी काही म्हणो, ती गोष्ट नुसती कागदाची नाही. तरीही मी तो निर्णय घेतला आणि बरोबर घेतला असं मानतो. याच बीसीनं १९०७ मध्ये भारतीयांचा मताचा हक्क काढून घेतला होता, तो परत मिळाला १९४७ मध्ये. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या त्या शीख माणसांनी कर भरला आणि मत मात्र देता आलं नाही. आज इथल्या विधानसभेचे सभापती राज चौहान आहेत, पंजाबातून आलेले, शेतमजुरांची युनियन उभी करणारे. त्यांचीच जागा धरून एनडीपीचे ४७, आणि सभापती बरोबरी झाली तरच मत देतात, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये दोन ग्रीन आमदारांशी करार करावा लागला. उलट बाजूला मार्च २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातून एका आमदाराला काढलं आणि आणखी दोघे बाहेर पडले. सरकार टिकेल असं तेव्हा तरी दिसत होतं.

प्रचारातली आश्वासनं धरून मात्र हिशेब करू नका. एनडीपीनं घरटी हजार डॉलर सवलत कबूल केली होती. अमेरिकेच्या आयातशुल्काची धमकी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती रद्द झाली. तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट बदलली: प्रांत स्वतः शिफारस करून पीआर मिळवून देतो त्या योजनेच्या बीसीच्या जागा ८,००० वरून २०२५ च्या सुरुवातीला ४,००० केल्या गेल्या. त्या ओटावानं कापल्या, आणि आहेत त्या कुणाला द्यायच्या ते व्हिक्टोरिया ठरवतं. आरोग्यातल्या माणसांना त्यात झुकतं माप आहे, म्हणून मुख्य अर्ज मिस्टरांचा न ठेवता तुमचा ठेवायचा विचार करा.

ओंटारियोचं म्हणाल तर तिथे २७ फेब्रुवारी २०२५ ला, ऐन बर्फात, निवडणूक झाली. डग फोर्ड यांच्या पक्षाला १२४ पैकी ८० जागा, सलग तिसरं बहुमत. तिथे सरकार पक्कं आहे. टोरोंटोकडे मराठी माणसंही जास्त, गणपतीला एकटं वाटत नाही. आरोग्य विमाही पोचल्या पोचल्या सुरू होतो. पण घरभाड्याकडे बघा. तिथे १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना भाडेवाढीची मर्यादाच नाही, आणि नवीन येणाऱ्यांना बहुतेक नव्या टॉवरमधलीच घरं मिळतात. बीसीत राहत्या भाडेकरूचं भाडं वर्षातून एकदाच वाढतं, आणि त्याला मर्यादा असते; २०२५ साठी ती तीन टक्के होती. घर बदललंत की मात्र नवीन भाडं बाजारभावानं, म्हणून पहिलं घर निवडतानाच शाळा बघून निवडा. सरेत शाळा इतक्या भरल्यात की खूप मुलं मैदानातल्या पोर्टेबल वर्गांत बसतात. माझा मुलगा दोन वर्षं तिथेच होता, आणि शिक्षिका इतकी छान होती की त्याला अजून तो वर्ग आठवतो.

मला विचाराल तर मावसबहीण इथे आहे, तुम्ही नर्स आहात आणि मिस्टर इंजिनियर आहेत, या तिन्ही कारणांनी बीसीलाच या. पहिल्या हिवाळ्यात रक्ताचं माणूस जवळ असणं फार मोलाचं असतं.

एक शेवटचं. बीसीत सरकारी आरोग्य विमा पोचलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन पूर्ण महिने झाल्यावर सुरू होतो. २ ऑगस्टला उतरलात तरी १ नोव्हेंबर, आणि ३० ऑगस्टला उतरलात तरी १ नोव्हेंबरच. मधल्या काळाचा खासगी विमा तिकडूनच घ्या, मुलीला आधी धरून. आणि तिकीट महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचं काढा. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारच्या सुमारास उघडते, तेव्हा ऑगस्टअखेर सगळ्यात सोयीचं. तारीख ठरली की कळवा, विमानतळावर गाडी घेऊन येईन.