आफ्रिकेतली शिकार, ४०१(के)चं कर्ज आणि नवी बंदूक

प्लेनो, टेक्सासहून एका वाचकाने विचारलंय: वय ४६, आयटीत नोकरी, ग्रीन कार्ड, पासपोर्ट भारतीय. दरवर्षी १ सप्टेंबरला कवडा पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन उघडला की मित्रांबरोबर शिकारीला जातात. यंदा जुलैमध्ये ते चौघं दक्षिण आफ्रिकेतल्या फ्री स्टेट प्रांतात जायचं म्हणताहेत. सात रात्री, त्यात पाच दिवस पाखरांची शिकार, माणशी ५,२०० डॉलर. परतताना मुंबईमार्गे सांगलीला आईवडिलांना भेटून यायचं, म्हणून विमानाचे २,३०० धरलेत. त्यांची स्वतःची शॉटगन सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणून २,७०० डॉलरची बेरेटा ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) घ्यायचं मनात आहे. एकूण १०,२००. त्यासाठी ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यातून, १०,००० डॉलर कर्ज काढू का, पाच वर्षं महिन्याचा हप्ता फक्त २०५ डॉलर येतो, असा त्यांचा प्रश्न आहे. बचत खात्यात २२,००० आहेत, घरखर्च महिना ६,५०० आहे आणि मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल.

सप्रेम नमस्कार.

सहल जरूर करा. मात्र यंदा नको, पुढच्या हिवाळ्यात करा (तिकडचा हिवाळा, म्हणजे आपला जून-जुलै). कर्ज काढू नका आणि बंदूक विकत घेऊ नका. तिन्हींत बंदुकीचा मुद्दा तुम्हाला सगळ्यात जास्त खटकेल, म्हणून आधी तोच घेतो.

सेमी-ऑटोमॅटिक बंदूक तिथे शिकारीसाठी तात्पुरती नेण्याचा परवाना सहसा मिळत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण त्यावर नवी बंदूक हा एकमेव उपाय नाही. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकातच शेवटच्या पानावर ओव्हर-अंडर भाड्याने मिळेल असं लिहिलंय, दिवसाला ६० डॉलर. पाच दिवसांचे ३०० झाले. स्वतःची न्यायची तर अमेरिकन कस्टम्सचा ४४५७ नंबरचा फॉर्म, दक्षिण आफ्रिकी पोलिसांचा एसएपीएस ५२० अर्ज आणि जोहान्सबर्गला उतरल्यावर पोलिसांच्या खिडकीवरची तपासणी हे सगळं आलं. तेवढं माणूस हौसेने करेलही. तुमच्या बाबतीत खरी अडचण मुंबईची आहे. परतीच्या वाटेवर बंदूक घेऊन मुंबईत उतरायचं म्हणजे भारताच्या शस्त्र कायद्याखालची परवानगी आणि कस्टम्स असा वेगळाच व्याप. आईवडिलांबरोबरचे चार दिवस त्यात घालवायचे नाहीत.

भाड्याच्या बंदुकीची सवय नसेल, नेम चुकेल, ही तुमची काळजी रास्त आहे. तिला २,७०० डॉलर लागत नाहीत. डॅलसच्या आसपास क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायच्या) रेंज आहेत, तिथे ओव्हर-अंडर भाड्याने घेऊन सराव करा. दोनच बार असतात, तिसरा नाही, याची खांद्याला आणि बोटाला सवय झाली की बाकी फार वेगळं नाही. रेंजवर घातलेले दोन-तीनशे डॉलर फुकट जाणार नाहीत.

आता बेरीज. तुमच्या १०,२०० मध्ये काडतुसं कुठेच दिसली नाहीत. बहुतेक विमान कंपन्या प्रवाशाला ५ किलोच दारूगोळा नेऊ देतात आणि १२ बोअरच्या २५ काडतुसांची पेटी साधारण किलोभर भरते, म्हणजे सव्वाशेच्या आत काडतुसं. सूर्यफुलाच्या शेतावर पारवे उतरायला लागले की तेवढी एका सकाळीत संपतात. तुमच्या कार्यक्रमात पारव्यांचे दोन दिवस आहेत, त्यांना रोज २५० धरा. उरलेले तीन दिवस गिनी फाउल, तित्तिर आणि बदकं. तिथे हाका होतो, माणसं शेतातून ओळीने पाखरं उठवत येतात आणि बार मोजकेच सुटतात, म्हणून रोज ६०. एकूण ६८० काडतुसं, २८ पेट्या. पत्रकातल्या १६ डॉलरच्या दराने साडेचारशे.

मग बक्षिसी. हाका घालणारे, पडलेलं पाखरू शोधून आणणारे, कुत्री सांभाळणारा, स्वयंपाकघरातली माणसं, गाइड, सगळ्यांच्या मेहनतीवर तुमचे पाच दिवस उभे असतात. पॅकेजच्या दहा टक्के, म्हणजे ५२० बाजूला काढा आणि त्यात हात आखडू नका. जोहान्सबर्गचा मुक्काम २००. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतीय पासपोर्टवर लागतोच, ग्रीन कार्डमुळे तो सुटत नाही, त्याचे किरकोळ धरून १००. विमा २५०. विमा घेताना त्यातले अपवाद वाचा, कारण कित्येक पॉलिसींत शिकार वगळलेली असते. शेतावरून ब्लूमफाँटेनच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा.

नवी बंदूक धरली तर हे सगळं ११,७२० वर जातं. म्हणजे १०,००० कर्ज काढूनही तुम्हाला बचतीत हात घालावा लागणार. भाड्याची बंदूक धरली तर ९,३२०.

कर्जाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'माझेच पैसे, मलाच व्याज.' नोकरी टिकून आहे तोवर हे खरं आहे. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ धरून, दुसऱ्या रिटायरमेंट खात्यात भरावी लागते. नाही भरली तर ती काढून घेतली असं धरलं जातं. त्यावर प्राप्तिकर लागतो, शिवाय वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुतेक वेळा १० टक्के दंडही. ८,००० बाकी असताना असं झालं आणि तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर २,५६० डॉलर गेले, तेही पगार बंद असलेल्या वर्षात. आयटीतली कपात तुम्ही जवळून पाहिली आहे, मी वेगळं सांगायला नको. आणि पाच वर्षांचा हप्ता म्हणजे मुलीच्या कॉलेजची पहिली तीन वर्षं तो मागे राहणार.

मग बचतीतून यंदाच का नको? २२,००० म्हणजे सव्वातीन महिन्यांचा खर्च, मुळात कमीच. त्यातून ९,३२० काढले की दोन महिनेही उरत नाहीत. घरात कमावणारे तुम्ही एकटे असताना मी याला हो म्हणणार नाही.

पुढच्या वर्षासाठी मात्र पैसा तुमच्याच पत्रात आहे. दर महिन्याला ६०० डॉलर तुम्ही आजही बाजूला टाकता. हप्त्यासाठी २०५ द्यायला तयार होता, त्यातले २०० त्यात घाला. ८०० गुणिले १२, झाले ९,६००. यासाठी वेगळं बचत खाते उघडा, पगाराच्या दिवशी रक्कम आपोआप वळती होऊ द्या. वर्षभर आपत्कालीन निधी वाढणार नाही, ही या सहलीची खरी किंमत आहे आणि ती मोजायला माझी हरकत नाही. मुलीच्या ५२९ खात्यातली (कॉलेजसाठीच्या बचत खात्यातली) भर मात्र एक महिनाही थांबवायची नाही.

राहिला मित्रांचा प्रश्न. चौघांतला एक गळला तर बाकीच्यांचा दर वाढेल, याचा संकोच तुम्हाला जास्त वाटतोय. आगाऊ द्यायची निम्मी रक्कम तुम्ही अजून भरलेली नाही आणि एकदा भरली की ती परत मिळणार नाही असं पत्रकात आहे, म्हणून हे आजच त्यांच्या कानावर घाला. आधी सगळ्यांनाच एक वर्ष थांबता येईल का विचारा. कदाचित आणखी कोणी मनातून तेच म्हणत असेल. ते नाही म्हणाले, तर आउटफिटरकडे (शिकारीची सहल आयोजित करणाऱ्याकडे) तीन जणांचा दर मागा आणि पुढच्या मोसमातल्या एखाद्या गटात तुमची जागा होईल का ते विचारा. काडतुसांचा दर, ठरलेल्या संख्येपलीकडे पाखरामागे वेगळे पैसे आहेत का आणि तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय, ही तीन उत्तरं लेखी आल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

जोहान्सबर्ग–मुंबई तिकीट काढताना अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त पडेल, पण मग यलो फीव्हरच्या दाखल्याचं काय ते आधी विचारून घ्या. पिसं, पंख, काही म्हणजे काही भारतात नेऊ नका. आणि शेत सोडण्यापूर्वी शिकारीच्या जाकिटाचे सगळे खिसे, बॅगेचे कप्पे उलटे करून झटका. विसरलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.