अमेरिकेतली सगळ्यात कमी लोकसंख्येची काउंटी कुठली? आणि तिथे एवढी कमी माणसं का राहतात?

सरळ उत्तर आधी देतो. टेक्ससमधली लव्हिंग काउंटी. २०२० च्या जनगणनेत तिथे ६४ माणसं मोजली गेली. हजार-लाख काही नाही, नुसती चौसष्ट. २०१० ला ८२ होती आणि २००० ला ६७. तिच्यानंतर नंबर लागतो हवाईतल्या कालावाओ काउंटीचा, तिथे २०२० ला ८२ होते. पण कालावाओ अगदी चिमुकली आहे आणि लव्हिंगचं क्षेत्रफळ साधारण १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास तिप्पट.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की काउंटी म्हणजे आपला जिल्हा का. ढोबळमानाने हो, पण वरून नेमलेला कलेक्टर नसतो. टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत काउंटी जज, चार कमिशनर, शेरीफ (म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख) असे सगळे लोकांनी निवडून दिलेले. जज नावाला जज, त्याचं बरंचसं काम कारभार बघायचं असतं. ६४ माणसांच्या काउंटीलासुद्धा हेच सगळं लागतं, त्यामुळे तिथे कामाला येणाऱ्या कुठल्याही माणसाला लवकरच कळतं की समोरचा माणूस कोर्टहाउसमध्ये काहीतरी आहे किंवा त्याची बायको आहे किंवा भाऊ आहे.

मी पश्चिम टेक्ससमधल्या मिडलंड शहरात राहतो, तेलविहिरी खणायच्या कामात आहे, आणि गेली काही वर्षं लव्हिंगमध्ये रिगवर, म्हणजे विहीर खणायच्या यंत्रावर, माझं जाणं-येणं असतं, म्हणून हे लिहितोय. शेजारच्या ओडेसा शहरातून ३०२ नंबरच्या हायवेने पश्चिमेला साधारण १२० किलोमीटर गेलं की मेंटोन लागतं. काउंटीतलं हे एकमेव गाव, २०१० ला लोकसंख्या १९. पिवळ्या विटांचं १९३५ सालचं कोर्टहाउस, थोडी घरं, राहायचे ट्रेलर, एवढंच. उत्तरेला न्यू मेक्सिकोची हद्द आणि नैऋत्येला पेकोस नदी. जमीन सपाट, वाळवंटी, मेस्कीटची काटेरी झुडपं. आपल्या वेड्या बाभळीची ही सख्खी बहीण म्हणा, दोन्ही एकाच कुळातल्या. पाऊस फार कमी. नदी आहे पण पाणी खारट, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मुळी इथेच आहे. पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं टँकरने बाहेरून आणावं लागायचं. जिथे विहीर खणून गोड पाणी लागत नाही तिथे शेती होत नाही आणि शेती नाही तर गाव वसत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

आता इतिहास, कारण तो मला फार आवडतो. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा एक गुरांचा व्यापारी होता. त्याने आणि चार्ल्स गुडनाइटने १८६६ मध्ये पेकोस नदीच्या काठाकाठाने न्यू मेक्सिकोकडे हजारो गुरं हाकत नेण्याची वाट पाडली. पुढच्याच वर्षी या नदीकाठी कोमांची या तिथल्या आदिवासी जमातीच्या लोकांनी हल्ला केला, लव्हिंग जखमी झाला, जखम सडली आणि तो न्यू मेक्सिकोत फोर्ट सम्नरला वारला. त्याचं प्रेत गुडनाइटने मागाहून टेक्ससला परत आणलं. त्याच्या नावाने १८८७ मध्ये ही काउंटी कागदावर आखली गेली. १८९० च्या जनगणनेत माणसं किती? तीन!

मग १८९३ मध्ये डेन्व्हरच्या काही मंडळींनी पेकोसवरून कालवा काढू, शेती फुलवू असं म्हणत कंपनी काढली आणि काउंटीचा कारभार रीतसर सुरू करण्यासाठी सह्या गोळा केल्या, निवडणूक घेतली. जिथे तीन वर्षांपूर्वी तीन माणसं होती तिथे एवढे मतदार आले कुठून हा प्रश्न लोकांना पडलाच. फसवाफसवी बाहेर यायला लागली, कारभाऱ्यांनी पळ काढला, आणि १८९७ मध्ये विधिमंडळाने काउंटी मोडून शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडून टाकली. परत स्वतंत्र झाली ती १९३१ मध्ये. टेक्ससमध्ये दोनदा स्थापन झालेली ही एकच काउंटी.

दुसऱ्या वेळेस कारण होतं तेल. १९२० च्या दशकात तेल लागलं, माणसं आली, १९४० ला २८५ झाली. जनगणनेत यापेक्षा मोठा आकडा या काउंटीने कधी पाहिला नाही. मग उतरती कळा. १९७० ला १६४, १९८० ला ९१. शाळा १९७२ मध्ये बंद झाली, मुलं तेव्हापासून शेजारच्या काउंटीतल्या विंक गावाला जातात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, टेक्ससमध्ये निवडून आलेली पहिली बाई शेरीफ इथलीच, एडना रीड क्लेटन ड्यूईस, १९४५ ची गोष्ट, आणि ती बंदूक बाळगत नसे. मेंटोनमध्ये गाडी लावून कॉफी पिताना मला दरवेळी ती आठवते.

आता तुमच्या प्रश्नातला 'का' हा भाग. इथे जरा थांबून वाचा, कारण ६४ या आकड्यावरून लोकांना वाटतं की ही ओसाड, गरीब जागा असेल. तसं अजिबात नाहीये. गेल्या दहा-बारा वर्षांत आडवं ड्रिलिंग आणि फ्रॅकिंग (पाणी आणि वाळू जोरात दाबून खालचा खडक फोडणं) आल्यापासून लव्हिंग ही टेक्ससमधल्या सगळ्यात जास्त तेल काढणाऱ्या काउंट्यांमध्ये आहे. रात्री जाल तर चहूबाजूंनी फ्लेअरच्या, म्हणजे विहिरीतला नको असलेला वायू जाळायच्या, ज्वाळा दिसतात, रस्त्यावर वाळूचे, पाण्याचे, पाइपचे ट्रक एकामागे एक, आणि पलीकडचा २८५ नंबरचा हायवे तर अपघातांमुळे 'डेथ हायवे' म्हणूनच ओळखला जातो. आम्ही माणसं तिथे ढिगाने असतो. पण मॅन कॅम्पमध्ये, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या वस्तीत, दोन आठवडे झोपतो आणि घरी जातो, आणि जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते. माझी नोंद मिडलंडला होते, माझ्या शेजारच्या खोलीतल्याची लुइझियानाला. म्हणजे काम करणारे हजारो आणि रहिवासी ६४.

उलटंही आहे. मतदारयादीत नावं रहिवाशांपेक्षा जास्त! २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथे ६६ मतं पडली, ६४ माणसांच्या काउंटीत, आणि त्या ६४ मध्ये लहान मुलंही आली. जुन्या रँचवाल्या, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनदार, घराण्यांची माणसं राहतात दुसरीकडे पण जमीन इथे, जीव इथे, म्हणून मत इथे देतात. यावरून भांडणं आणि कोर्टकचेऱ्याही झाल्यात. मला त्यांचं म्हणणं समजतं, माझं स्वतःचं गाव सोडून वीस वर्षं झाली तरी कोणी विचारलं की मी गावाचंच नाव सांगतो.

राहायला जायचं म्हटलं तरी जायचं कुठे? जमीन थोड्या घराण्यांकडे, विकत घ्यायला घर मिळत नाही, शाळा नाही. आणि भारतात जमिनीखालचं तेल सरकारचं असतं तसं टेक्ससमध्ये नाही, तिथे ते खाजगी मालकीचं असू शकतं, वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असंही होतं, मालकाला रॉयल्टी मिळते. त्यामुळे ज्याच्याकडे आहे तो सहसा विकत नाही. काउंटीला तेलावरच्या मालमत्ता करातून भरपूर पैसा येतो पण तो पैसा खर्च करायला गावच नाही.

कधी त्या बाजूला जाणार असाल तर पेकोस किंवा करमिट गावात टाकी फुल्ल करा, पिण्याचं पाणी बरोबर घ्या आणि अंधार पडायच्या आत ३०२ वरून बाहेर पडा.