दत्तक लेकीचा आयक्यू ७१ आला म्हणून शाळा बदलू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. साडेतीन वर्षांची लेक संस्थेतून घरी आली, चार महिन्यांत शाळेने तपासणीला पाठवलं, आयक्यू ७१ निघाला आणि आता 'स्पेशल शाळा बघा' म्हणताहेत. आमच्याकडे हेच झालं, आकडा तेवढा वेगळा. मी डॉक्टर नाही, आई आहे. तेवढं धरून वाचा. कारा (दत्तकाची केंद्रीय यंत्रणा), बालकल्याण समिती, कागदपत्रं यातून तुम्ही गेलाच आहात, ते सोडते.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते इथलंच एक तपासणी केंद्र. नाव घेत नाही. मला बाहेर बसवलं, अनोळखी बाईसमोर एकाच बैठकीत चाचणी उरकली. चित्रातली किल्ली दाखवून 'हे काय?' विचारलं, पोरगी गप्प. संस्थेत दारं दुसरंच कोणी उघडायचं! अख्खा कांदा तिने पहिल्यांदा आमच्या ओट्यावर पाहिला, तोवर जेवण वाढलेल्या ताटातच यायचं. लहान मूल बोट दाखवतं, कोणी तरी 'हो गं, कावळा तो' म्हणतं, यातूनच भाषा येते आणि डोकं चालायला लागतं. इतक्या लेकरांमागे एक मावशी, तीही ड्युटी संपली की बदलणार. ती कोणाकोणाला उत्तर देणार? मावश्यांना दोष नाही. पण रिपोर्टमध्ये यातलं अक्षर नव्हतं. मूल घरी कधी आलं, चाचणी कोणत्या भाषेत घेतली, काही नाही. खाली 'सौम्य मतिमंदत्व' आणि शिक्का. विचारायला गेलो तर 'रिपोर्ट बदलत नाही'. शाळा बदलली तरी तो कागद पुढे गेला, आणि बाकीची मुलं अक्षरं गिरवत असताना हिच्यापुढे रंगकाम. अजून जीव जळतो.

रोमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधल्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं. साडेचार वर्षांपर्यंत त्यांचा आयक्यू संस्थेत राहिलेल्यांपेक्षा वर गेला होता. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा जास्त. लक्ष टिकवणं, सूचना लक्षात ठेवणं मात्र कुटुंबात गेलेल्यांनाही पुढे जड गेलं. तेव्हा सगळं आपोआप भरून येईल असं मी म्हणणार नाही. पण चार महिन्यांनी काढलेला आकडा तुमच्या घराचा नाही, संस्थेतल्या दिवसांचा आहे, असं माझं ठाम मत.

आधी कान आणि डोळे तपासा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही. स्पीच थेरपी लगेच सुरू करा, त्यासाठी कुठल्याही शिक्क्याची वाट बघू नका. फेरचाचणी वर्षभराने, दुसरीकडे, आणि सोबत रोजच्या व्यवहाराची चाचणीही मागा. नुसत्या आयक्यूवर मतिमंदत्व ठरवत नाहीत. झटके येत असतील किंवा आलेलं बोलणं जात असेल तर मात्र थांबू नका, बालमेंदूतज्ज्ञ गाठा. दत्तकाची गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगायची गरज नाही, वर्गशिक्षिकेला पुरे. एका वेळी एकच सूचना द्या, हेही त्यांना सांगा.

आणि मॉलपेक्षा बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात न्या. तिलाच 'मावशी, मेथी कशी दिली?' विचारू द्या, पैसेही तिच्याच हातून. आमची तिथेच बोलायला लागली.

रिपोर्टवर चाचणीचं नाव आणि भाषा लिहिलीय का, ते बघून कळवा. नसेल तर आजच लेखी मागा.